हिशेबाची वही दुसऱ्याच्या यंत्रावर : व्यवस्थापित क्लाउड डेटाबेस सेवांच्या मूल्यमापनाची प्रस्तावना

व्यवसायाच्या नोंदी कोणाच्या यंत्रावर ठेवाव्यात आणि त्या यंत्राची देखभाल कोणाकडे सोपवावी, हा प्रश्न एके काळी मोठ्या बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खाती यांच्यापुरता मर्यादित होता. आज तो सहकारी सोसायटी, दूध संकलन केंद्र, साखर कारखाना, खत-बियाण्यांचा व्यापारी आणि औद्योगिक वसाहतीतील सुट्या भागांचा लहान पुरवठादार यांच्याही पुढे उभा आहे. किर्द आणि खतावणी संगणकावर गेली तेव्हा निदान तो संगणक संस्थेच्या कार्यालयात होता. आता नोंदी इंटरनेटवरून दूरच्या संगणककेंद्रात जातात, तेथील यंत्रे तिसऱ्याच कंपनीच्या मालकीची असतात आणि त्यांच्या वापराचे भाडे तासांवर मोजले जाते. या व्यवस्थेला क्लाउड म्हणतात, आणि डेटाबेसची यंत्रे पुरवण्याबरोबर त्यांची रोजची निगाही कंपनीच राखत असेल तर त्या सेवेला व्यवस्थापित डेटाबेस सेवा म्हटले जाते. अशा सेवा पारखून कशा घ्यायच्या, हा प्रस्तुत ग्रंथाचा विषय आहे. आणि ही पारख कंपनीच्या वैशिष्ट्यांच्या तक्त्यापासून सुरू न होता संस्थेच्या स्वतःच्या कामकाजापासून सुरू झाली पाहिजे, ही त्याची मुख्य भूमिका आहे.

विवेचनाला जमीन असावी म्हणून येथे दौंड तालुक्यातील खुटबाव आणि त्याच्या भोवतालचा टापू समोर ठेवला आहे. पुणे–दौंड लोहमार्गावर यवत आणि केडगाव या स्थानकांच्या दरम्यान खुटबावचे स्थानक लागते. उत्तरेकडे भीमेपलीकडे शिरूर तालुका सुरू होतो. खडकवासल्याच्या कालव्याने आणि नद्यांच्या पाण्याने दौंड तालुका उसाचा झाला, उसामागून साखर कारखाने आणि गुऱ्हाळे आली, जोडीला दुधाचा धंदा वाढला, आणि दौंडमध्ये कुरकुंभ व शिरूरमध्ये रांजणगाव या औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. त्यामुळे एकाच टापूत नोंदींचे अगदी वेगवेगळे स्वभाव पाहायला मिळतात : सोसायटीच्या कर्जनोंदी संख्येने थोड्या पण वर्षानुवर्षे जपायच्या असतात, दूध केंद्राच्या नोंदी सकाळ-संध्याकाळ तासाभरात लोंढ्याने येतात, आणि कारखान्याच्या वजनकाट्यावरची नोंद गाळप हंगामात दिवसरात्र चालून हंगाम संपताच जवळजवळ थांबते. या तिघांना एकच सेवा सारखीच उपयुक्त ठरेल असे मानणे, ही मूल्यमापनातील पहिली आणि सर्वांत महाग पडणारी चूक होय.

दूरच्या डेटाबेसवर विसंबून राहणे या टापूतील शेतकऱ्याला नवे नाही. महाराष्ट्रात 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला, आणि तलाठी कार्यालयातील दप्तरापुरती असलेली नोंद कोठूनही मिळू लागली. केंद्रीय मंत्रिमंडळाने 29 जून 2022 रोजी देशातील 63,000 प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची 2,516 कोटी रुपयांची योजना मंजूर केली; गावोगावच्या विविध कार्यकारी सोसायट्यांसाठी क्लाउडवर चालणारी एकच समान संगणकप्रणाली, जुन्या नोंदींचे संगणकीकरण आणि कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण हे तिचे मुख्य भाग आहेत. या ठिकाणी सेवा निवडण्याचा अधिकार गावाच्या सोसायटीकडे नाही, तो वरच्या पातळीवर वापरला गेला आहे. तरीही आपल्या सभासदांच्या नोंदी कोठे आहेत, त्या बिघडल्या तर कोण आणि किती वेळात परत आणून देणार, हे विचारण्याचा अधिकार आणि कर्तव्य सचिवाकडे आणि संचालक मंडळाकडे राहतेच. ज्या संस्थांना निवडीचे स्वातंत्र्य आहे त्यांच्यावर तर हे कर्तव्य अधिकच पडते.

डेटाबेस म्हणजे केवळ माहितीची साठवण नव्हे. एडगर कॉड यांनी 1970 मध्ये मांडलेल्या संबंधात्मक प्रतिमानानुसार माहिती तक्त्यांत ठेवली जाते आणि तक्ते समान किल्लीने एकमेकांशी जोडले जातात. सभासदाचा तक्ता, कर्जाचा तक्ता आणि वसुलीचा तक्ता सभासद क्रमांकाने जोडले की कोणाची किती थकबाकी आहे हे एका प्रश्नात कळते. त्याहून महत्त्वाची कल्पना व्यवहाराची आहे. वसुली जमा करताना सभासदाचे कर्ज कमी होणे आणि सोसायटीची रोकड वाढणे ही दोन कामे एकतर दोन्ही पूर्ण व्हावीत नाहीतर एकही होऊ नये, मध्येच वीज गेली तरी अर्धवट अवस्था शिल्लक राहू नये, दोन खिडक्यांवर एकाच वेळी केलेल्या नोंदींनी एकमेकींना पुसू नये आणि पूर्ण झालेली नोंद पुन्हा हरवू नये, ही हमी डेटाबेस देतो. या विद्येशी पुण्याचा संबंध जुना आहे : डेटाबेस विषयात अमेरिकेत पीएच.डी. केलेल्या आनंद देशपांडे यांनी 1990 मध्ये पर्सिस्टंट सिस्टिम्स ही कंपनी पुण्यात सुरू केली, आणि पोस्टग्रेस या खुल्या डेटाबेसवर काम करणाऱ्या एंटरप्राइझडीबी या अमेरिकन कंपनीचेही मोठे कार्यालय याच शहरात आहे.

व्यवस्थापित सेवेचा व्यापारी प्रसार ॲमेझॉनने ऑक्टोबर 2009 मध्ये आरडीएस ही सेवा सुरू केल्यापासून झाला. भारतात मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर 2015 मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे आपली केंद्रे उघडली, ॲमेझॉनचे मुंबई केंद्र जून 2016 मध्ये आणि गूगलचे 2017 मध्ये सुरू झाले. म्हणजे खुटबावच्या व्यावसायिकाच्या नोंदी आज आपल्याच जिल्ह्यात किंवा मुंबईत राहू शकतात. या सेवांचे ढोबळमानाने तीन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात मायएसक्यूएल, पोस्टग्रेस यांसारखे परिचित डेटाबेस आहेत तसेच भाड्याने मिळतात. दुसऱ्या वर्गात बाहेरून तेच परिचित रूप ठेवून आतील साठवणीची रचना कंपनीने स्वतः नव्याने केलेली असते. ॲमेझॉनचा ऑरोरा याचे उदाहरण असून, तो प्रत्येक नोंदीच्या सहा प्रती तीन वेगळ्या विभागांत, म्हणजे एकमेकांपासून अलग ठेवलेल्या संगणककेंद्रांत, ठेवतो. तिसऱ्या वर्गातील डायनॅमोडीबी किंवा स्पॅनर हे त्या त्या कंपनीचे खास डेटाबेस होत. प्रचंड भार पेलण्यात ते वाकबगार असले तरी त्यांच्यासाठी लिहिलेली प्रणाली दुसरीकडे सहज हलवता येत नाही. पहिल्या वर्गाकडून तिसऱ्याकडे जाताना सोय बहुधा वाढत जाते आणि बाहेर पडण्याची वाट अरुंद होत जाते, हे सूत्र पुढील सर्व विवेचनात ध्यानात ठेवावे लागेल.

‘व्यवस्थापित’ या विशेषणाने कोणती कामे खरोखर अंगावरून उतरतात, याचा हिशेब आधीच मांडलेला बरा. यंत्रसामग्री, वीज, थंडावा, डेटाबेसची उभारणी, सुरक्षेच्या दुरुस्त्या, रोजच्या बॅकअपची यांत्रिक प्रक्रिया आणि एक यंत्र बंद पडल्यास दुसऱ्यावर काम वळवणे, ही कामे सेवा देणारी कंपनी करते. तक्त्यांची रचना, शोध जलद होण्यासाठी लागणारी अनुक्रमणिका, कोणत्या कर्मचाऱ्याला काय पाहता आणि काय बदलता यावे याचे अधिकार, पासवर्डची शिस्त आणि नोंदींचा खरेपणा ही कामे संस्थेकडेच राहतात. कारखान्याच्या चिटबॉयने, म्हणजे शेतावर ऊस नोंदवणाऱ्या कर्मचाऱ्याने, चुकीच्या गटक्रमांकावर ऊस नोंदवला तर जगातील कोणतीही सेवा ती चूक ओळखणार नाही. ती चूक सहाही प्रतींमध्ये निष्ठेने जपून ठेवील. कंपनीच्या माहितीपत्रकात पहिल्या यादीचे वर्णन सविस्तर असते आणि दुसरी यादी करारातील एका वाक्यात आटोपलेली असते, म्हणून मूल्यमापन करणाऱ्याने दोन्ही याद्या स्वतः लिहून काढून प्रत्येक कामापुढे जबाबदार व्यक्तीचे नाव घालावे.

यानंतर दोन मापे ठरवावी लागतात. अपघात घडल्यास शेवटच्या किती मिनिटांच्या नोंदी गमावणे संस्थेला सोसेल, हे पहिले माप. आणि काम पुन्हा सुरू होण्यास किती वेळ लागलेला सोसेल, हे दुसरे. दूध केंद्रावर सकाळच्या फॅट आणि एसएनएफच्या (स्निग्धांश सोडून उरलेल्या घनपदार्थांच्या) नोंदी गेल्या तर दूध एव्हाना टँकरमध्ये मिसळलेले असते, फेरमोजणी अशक्य असते आणि दहा दिवसांच्या पगारात वाद उभा राहतो. म्हणजे येथे पहिले माप अतिशय कडक, पण दुसरे थोडे सैल चालते, कारण कागदावर लिहून संध्याकाळी नोंद करता येते. कारखान्याच्या काट्यावर दोन्ही मापे कडक लागतात : वाहनांची रांग थांबली तर ऊस वाळतो आणि गव्हाण रिकामी राहते, काट्याची नोंद हरवली तर पैशाचाच आधार जातो. ऊस नियंत्रण आदेश 1966 नुसार ऊस मिळाल्यापासून 14 दिवसांत पैसे देणे कारखान्यावर बंधनकारक असून उशीर झाल्यास वार्षिक 15 टक्के व्याज द्यावे लागते, त्यामुळे वजनाच्या प्रत्येक पावतीला कायद्याचे वजन आहे. सोसायटीत मार्चअखेरचे दिवस वगळले तर काही तासांचा खोळंबा सोसता येतो, पण मुद्दल, व्याज आणि तारण यांची एकही नोंद गमावणे परवडत नाही. ही मापे ठरवण्याआधी सेवांची तुलना केली तर संस्था एकतर नको त्या गोष्टीचे पैसे भरते किंवा हवी ती गोष्ट घेतच नाही.

सेवा किती काळ चालू राहील याची हमी टक्केवारीत दिली जाते, आणि ती मिनिटांत मोडल्याशिवाय तिचा अर्थ लागत नाही. तीस दिवसांच्या महिन्यात 99.95 टक्के म्हणजे सुमारे 22 मिनिटांचा बंद, 99.99 टक्के म्हणजे सुमारे 4 मिनिटांचा, आणि 99.5 टक्के म्हणजे साडेतीन तासांहून अधिक. ॲमेझॉनची आरडीएस सेवा दोन वेगळ्या विभागांत चालवली तर यांतील पहिली हमी मिळते. एकाच विभागात चालवली तर ती मिळत नाही, आणि दुसरे राखीव यंत्र घेतले की भाडे जवळजवळ दुप्पट होते. हमी मोडल्यास कंपनी पुढील बिलात काही टक्के सूट देते. काट्यावर अडकलेल्या वाहनांची भरपाई ती देत नाही. शिवाय मोठ्यांतील मोठी सेवाही थांबते : 20 ऑक्टोबर 2025 रोजी ॲमेझॉनच्या अमेरिकेतील व्हर्जिनिया येथील केंद्रात डायनॅमोडीबीचा पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेत दोष निर्माण झाला आणि त्यावर विसंबलेल्या जगभरच्या असंख्य सेवा तासन्‌तास बंद पडल्या. म्हणून हमीचा आकडा वाचताना, सेवा बंद असताना संस्थेचे काम कसे चालेल, या प्रश्नाचे उत्तर त्याच्या शेजारी लिहिलेले असावे.

प्रत आणि बॅकअप यांतील भेद न समजल्याने जितके नुकसान होते तितके क्वचितच दुसऱ्या कशाने होत असेल. राखीव यंत्रावरची प्रत मूळ डेटाबेसच्या पावलावर पाऊल टाकत असते, त्यामुळे यंत्र जळाले तर ती तारते. पण कर्मचाऱ्याने चुकून सभासदांचा तक्ता पुसला तर त्याच क्षणी तो प्रतीतूनही पुसला जातो. अशा वेळी चुकीच्या आधीच्या क्षणापर्यंत मागे नेणारा बॅकअपच कामी येतो. गिटलॅब या कंपनीत 31 जानेवारी 2017 रोजी एका अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला, तेव्हा नेमून ठेवलेल्या बॅकअपच्या पाच पद्धतींपैकी एकही नीट चालत नसल्याचे उघड झाले आणि योगायोगाने काढलेल्या सहा तास जुन्या प्रतीवरून काम सावरावे लागले. मे 2024 मध्ये युनिसुपर या ऑस्ट्रेलियन निवृत्तिवेतन निधीची गूगल क्लाउडवरील व्यवस्था कंपनीच्याच एका अंतर्गत साधनातील रिकाम्या राहिलेल्या रकान्यामुळे पुसली गेली. दुसऱ्या पुरवठादाराकडे ठेवलेल्या बॅकअपची मदत झाली म्हणून सहा लाखांहून अधिक सभासदांचे व्यवहार पूर्ववत होऊ शकले. दोन्ही घटनांचा बोध एकच आहे : बॅकअप घेतला जातो हे पुरेसे नाही, तो परत उभा करून पाहिलेला असला पाहिजे, आणि त्याची एक प्रत मूळ पुरवठादाराच्या आवाक्याबाहेर असली पाहिजे.

बॅकअप किती दिवस मागे जातो, हा प्रश्न सहकारी संस्थांना विशेष लागू पडतो. आरडीएसमधील स्वयंचलित बॅकअप जास्तीत जास्त 35 दिवस ठेवता येतो, आणि इतर सेवांच्याही मर्यादा साधारण अशाच आहेत. तेवढ्या काळातील हव्या त्या क्षणापर्यंत मागे जाता येते, ही सोय मोलाचीच आहे. परंतु सोसायटीतील व्याजाच्या आकारणीतली चूक वार्षिक लेखापरीक्षणात सापडते, आणि ऊसबिलातील फरक कधी कधी पुढच्या हंगामात लक्षात येतो. तोपर्यंत 35 दिवस केव्हाच उलटलेले असतात. म्हणून महिनाअखेरची आणि वर्षअखेरची संपूर्ण प्रत, कोणत्याही दुसऱ्या यंत्रावर उघडेल अशा खुल्या स्वरूपात, संस्थेने स्वतंत्रपणे काढून ठेवावी. डेटाबेस कायमचा बंद करताना त्याचा स्वयंचलित बॅकअपही सोबत जाऊ शकतो, तो राखून ठेवण्याचा पर्याय मुद्दाम निवडावा लागतो, हेही करार वाचणाऱ्याच्या सहसा ध्यानी येत नाही.

ग्रामीण भागात मूल्यमापनाचा एक मुद्दा शहरी पुस्तकांत फारसा आढळत नाही, तो म्हणजे जोडणी. पुण्यातील किंवा मुंबईतील डेटाबेस अखंड चालू असला तरी गावातील वीज गेली, केबल तुटली किंवा मोबाइलचा सिग्नल गेला तर काट्यावरच्या माणसाच्या दृष्टीने तो बंदच असतो. तेव्हा काट्यावर, संकलन केंद्रावर आणि दुकानात नोंद आधी तेथल्याच यंत्रावर होऊन जोडणी आल्यावर क्लाउडकडे जाईल, अशी प्रणालीची रचना हवी. ही रचना दिसते तितकी सोपी नाही : प्रत्येक नोंदीला जागेवरच एकमेव क्रमांक मिळाला पाहिजे, म्हणजे तीच पावती दोनदा पाठवली गेली तरी दोनदा जमा होणार नाही, आणि दोन ठिकाणी एकाच सभासदाची माहिती बदलली गेल्यास कोणता बदल ग्राह्य धरायचा याचा नियम आधी ठरलेला पाहिजे. हे काम डेटाबेस सेवेचे नसून प्रणाली लिहिणाऱ्याचे आहे, आणि तरीही सेवेच्या निवडीइतकेच त्याचे महत्त्व आहे.

वेगाची परीक्षा घेताना अंतर, भार आणि यंत्राचा आकार या तिन्हींचा विचार करावा लागतो. भारतातून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील केंद्राशी एक प्रश्नोत्तर होण्यास सुमारे 200 मिलिसेकंद लागतात. एका पडद्यासाठी प्रणाली पाठोपाठ 50 प्रश्न विचारत असेल तर नुसत्या प्रवासातच 10 सेकंद जातात, आणि डेटाबेस कितीही शक्तिमान असला तरी त्यात फरक पडत नाही. म्हणून केंद्र जवळचे असावे आणि प्रणालीचे मुख्य यंत्र त्याच केंद्रात डेटाबेसशेजारी असावे. स्वस्त, लहान यंत्रांबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते : त्यांतील काही प्रकार थोडा वेळ जोरात चालण्याची मुभा साठवून ठेवतात आणि ती संपली की मंदावतात किंवा जादा आकार लावतात. दूध केंद्राच्या तासाभराच्या गर्दीला असे यंत्र पुरेसे ठरते. हंगामात चोवीस तास चालणाऱ्या काट्याला ते पुरे पडत नाही. या सर्वांची शहानिशा प्रमाणित चाचण्यांच्या आकड्यांवरून होत नाही. मागील हंगामातील सर्वांत गर्दीच्या दिवसाच्या नोंदी त्याच क्रमाने आणि त्याच वेगाने नव्या सेवेवर पुन्हा चालवून पाहणे, हीच खात्रीची चाचणी होय.

मराठी नोंदींच्या संदर्भात एक स्वतंत्र परीक्षा आवश्यक आहे, आणि ती परदेशी मार्गदर्शिकांत सापडणार नाही. अनेक संस्थांचे जुने दप्तर युनिकोडपूर्व काळातील श्री-लिपीसारख्या फॉन्ट-संकेतांत साठवलेले आहे. ते नव्या डेटाबेसमध्ये जसेच्या तसे ओतले तर पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरे उमटतात, म्हणून स्थलांतरापूर्वी रूपांतर आणि त्यानंतर नावानिशी पडताळणी करावी लागते. युनिकोडमध्येही अडचण संपत नाही. कुऱ्हाडे किंवा बऱ्हाटे या आडनावांतील ‘ऱ्ह’ हे जोडाक्षर दोन वेगवेगळ्या संकेतमालिकांनी लिहिता येते, दोन्ही डोळ्यांना सारखीच दिसतात, पण डेटाबेसला ती दोन निराळी नावे वाटतात. एका संगणकावरून नोंदवलेला सभासद दुसऱ्या संगणकावरून शोधला तर सापडत नाही आणि त्याची दुसरी नोंद तयार होते. अकारविल्हे यादीत ळ, क्ष आणि ज्ञ यांचा क्रम कोणता लागतो, हे डेटाबेसच्या क्रमनियमांवर ठरते, आणि व्यवस्थापित सेवेत असे नियम किंवा जोडसाधने हवी तशी घालण्याची मोकळीक मर्यादित असते. सेवा घेण्यापूर्वी संस्थेच्या खऱ्या सभासदयादीवर शोध आणि क्रम तपासून घेणे, यास पर्याय नाही.

खर्चाच्या तुलनेत यंत्राचे तासाचे भाडे हा एक भाग असतो. साठवणीची जागा, वाचन-लेखनाची संख्या, मर्यादेपलीकडचा बॅकअप, केंद्राबाहेर जाणारी माहिती, राखीव यंत्र, तांत्रिक मदतीचा करार आणि 18 टक्के वस्तू व सेवा कर हे सर्व मिळून बिल तयार होते. हंगामी व्यवसायाला वाटते की गाळप संपल्यावर डेटाबेस बंद ठेवला की भाडे वाचेल. परंतु आरडीएसमधील बंद केलेला डेटाबेस सात दिवसांनी आपोआप पुन्हा सुरू होतो आणि बंद काळातही जागेचे पैसे लागतात, त्यामुळे बिगरहंगामात लहान यंत्रावर उतरणे अधिक व्यवहार्य ठरते. जुन्या आवृत्तीवर राहण्याचीही किंमत आहे : मायएसक्यूएलच्या 5.7 या आवृत्तीचा मूळ आधार ऑक्टोबर 2023 मध्ये संपला आणि ॲमेझॉनने मार्च 2024 पासून तिच्यावर राहणाऱ्या ग्राहकांना विस्तारित आधाराचा वेगळा आकार लावला. पोस्टग्रेसची प्रत्येक मुख्य आवृत्ती पाच वर्षे सांभाळली जाते. म्हणजे सेवा एकदा घेतली की विषय संपला असे होत नाही. दर काही वर्षांनी आवृत्ती बदलण्याचे, आणि त्यासाठी प्रणाली पुन्हा तपासण्याचे काम अंदाजपत्रकात धरावेच लागते. उलट बाजूने स्वतःचे यंत्र, त्याची वीज, बदली आणि ते सांभाळणाऱ्या जाणकार माणसाचा पगार यांचाही प्रामाणिक आकडा मांडला नाही तर तुलना एकतर्फी होते.

कायदा आणि सुरक्षा यांबाबत मूळ तत्त्व असे की, काम बाहेर दिले तरी उत्तरदायित्व बाहेर जात नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम 2023 अन्वये, माहिती गोळा करणारी संस्था तिच्या वतीने माहिती हाताळणाऱ्या कंपनीच्या कृतीसाठीही जबाबदार राहते, आणि सुरक्षेच्या वाजवी उपायांत कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी रुपये आहे. त्याखालील नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले. रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2023 मध्ये माहिती-तंत्रज्ञान सेवा बाहेरून घेण्याविषयी दिलेल्या निर्देशांतही अंतिम जबाबदारी नियमनाखालील संस्थेवरच ठेवली आहे. अनेक लहान संस्था एकाच पुरवठादारावर विसंबल्या म्हणजे काय होते, हे 31 जुलै 2024 रोजी दिसले : सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर खंडणीखोर संगणकहल्ला झाल्यानंतर राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने तिला पेमेंटच्या जाळ्यातून वेगळे काढले आणि सुमारे 300 लहान सहकारी व ग्रामीण बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार दुसऱ्या दिवसापर्यंत अडले. सभासदांचे आधार क्रमांक आणि बँक खाती ठेवणाऱ्या संस्थेने साठवण आणि वहन या दोन्ही अवस्थांत माहिती कूटबद्ध आहे का, डेटाबेस थेट इंटरनेटवर उघडा नाही ना, आणि कोणी केव्हा काय पाहिले याची नोंद राहते का, एवढे तीन प्रश्न तरी लेखी विचारलेच पाहिजेत.

शेवटची कसोटी बाहेर पडण्याची आहे, आणि ती बहुधा सर्वांत कमी तपासली जाते. पुरवठादार दर वाढवतो, सेवा बंद करतो किंवा संस्थेची मालकी बदलते. महाराष्ट्रातील अनेक सहकारी साखर कारखाने भाडेतत्त्वावर चालवायला दिले गेले आहेत, आणि अशा हस्तांतरात यंत्रसामग्रीची यादी तयार होते तशी नोंदींची, खात्यांची आणि पासवर्डची यादीही व्हायला हवी. क्लाउडचे खाते संस्थेच्या नावावर आहे की प्रणाली बसवून देणाऱ्या ठेकेदाराच्या, या साध्या प्रश्नावर अनेक संस्थांचे भवितव्य अवलंबून असते. ॲमेझॉन, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी 2024 च्या सुरुवातीला, सेवा सोडून जाणाऱ्या ग्राहकांना माहिती बाहेर नेण्याचा आकार माफ केला. पण आकार माफ झाला म्हणून तिसऱ्या वर्गातील डेटाबेससाठी लिहिलेली प्रणाली आपोआप दुसरीकडे चालू लागत नाही. तेव्हा लहान आणि मध्यम व्यवसायाने पहिल्या वर्गातील खुला, परिचित डेटाबेस निवडावा आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्गाकडे तेव्हाच वळावे जेव्हा त्याच्या भाराचे प्रत्यक्ष मोजमाप त्याला तसे करायला भाग पाडील, असा या ग्रंथाचा स्पष्ट कौल आहे.

या विवेचनाचा अर्थ प्रत्येकाने व्यवस्थापित सेवा घ्यावीच असा नाही. एका दुकानाचा, एका संगणकावर आणि एका माणसाच्या हाताने चालणारा हिशेब तेथेच ठेवून त्याचा बॅकअप नियमाने दुसऱ्या ठिकाणी नेणे अनेकदा पुरेसे असते. मात्र जेथे नोंद अनेक ठिकाणांहून होते, रात्री बिघाड झाल्यास तो दुरुस्त करणारा माणूस संस्थेत नाही, आणि नोंदीवर इतरांचे पैसे अवलंबून आहेत, तेथे जाणकारांनी सांभाळलेले दूरचे यंत्र कार्यालयातील कोपऱ्यात ठेवलेल्या यंत्रापेक्षा सहसा अधिक सुरक्षित असते. निवड कोणतीही झाली तरी सचिव, व्यवस्थापक आणि संचालक यांना एक आग्रहाची विनंती आहे : करारावर सही करण्यापूर्वी संस्थेच्या खऱ्या नोंदींचा बॅकअप आपल्या डोळ्यांदेखत एकदा रिकाम्या यंत्रावर परत उभा करवून घ्यावा, त्यातील निवडक खाती कागदी खतावणीशी ताडून पाहावीत, आणि त्याच नोंदी दुसऱ्या पुरवठादाराच्या यंत्रावर उघडून दाखवण्यास सांगावे. ज्या सेवेला हे दोन्ही करून दाखवता येत नाही, ती कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.